दुसरी तपासणी

सुरक्षा तपासायला सोफियाहून आलेल्या यावोरने गेल्या महिन्यात इस्पितळाच्या नावनोंदणीच्या संगणकावरून रुग्णांच्या फायलींपर्यंत तीन मिनिटांत मजल मारली होती. "मावशी, दाराला कडी लावायची असते, माहीत आहे ना?" असं तो इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या वेलिचकाला सगळ्यांदेखत म्हणाला. संचालकांनी तिला महिन्याची मुदत दिली. तेवढ्या वेळात नावनोंदणी आणि फायली एकमेकांपासून वेगळ्या झाल्या नाहीत, तर तिचं काम यावोरच्या कंपनीला जाणार होतं.

आज तो पुन्हा तिच्याच टेबलाशी बसला. कॉफीचा कप शेजारच्या काळ्या खोक्यावर ठेवून तो नावनोंदणीच्या संगणकात शिरला आणि तिथून फायली शोधू लागला. तीन मिनिटं गेली, तास गेला. दुसरा तास संपत आला तेव्हा त्याने कोट काढला. वेलिचका खिडकीपाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

"फायलींचा संगणक बंद करून ठेवलात ना?"

"चालू आहे. आत्ताच डॉक्टरांनी वॉर्डातून एक एक्सरे बघितला."

"मग नवा घेतलात! कुठे लपवलाय, तळघरात?"

"नवा कशाला? तुम्ही शिरलात तो आणि तुम्ही शोधताय तो, दोन्ही आभासी संगणक एकाच लिनक्स सर्व्हरच्या पोटात आहेत. केबलसुद्धा एकच. मी फक्त दोघांना वेगवेगळे व्हीलॅन दिले, म्हणजे एकाच तारेवर दोन वेगळी जाळी; एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही."

"कुठे आहे तो सर्व्हर?"

"भाचेबुवा," वेलिचका म्हणाली, "आधी त्याच्यावरची कॉफी उचला."