दोन साक्षीदार

"रंग?" सरांनी विचारलं.

"नारंगी, सर," त्याची मामेबहीण म्हणाली.

"आणि तू?"

"नारंगी," तो म्हणाला. तिचं कोपर त्याच्या बरगडीला आधीच लागलं होतं.

"लिहा. नऊ पूर्णांक दोन." सर पुढच्या टेबलाकडे वळले.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांचा एकच कायदा होता. फ्लास्कमधल्या सोड्यात वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून, थेंबथेंब आम्ल सोडायचं, पिवळ्याचा नारंगी झाला की थांबायचं आणि रंग मोठ्याने सांगायचा. तोही दोघांनी. किती आम्ल लागलं तो आकडा दोन साक्षीदारांशिवाय वहीत चढत नसे. ज्योतीचा रंग असो, तळाशी बसलेल्या साक्याचा असो, सगळ्याला हाच नियम. "तोंडाने बोललं की डोक्यात बसतं," असं सर एकतीस वर्षं सांगत आले होते. मुलं त्यांना पाठीमागे न्यायाधीश म्हणत.

दुसरा साक्षीदार नेहमी तोच असायचा. पिवळा कुठे संपतो आणि नारंगी कुठे सुरू होतो, हे त्याला कधीच दिसलं नव्हतं. दोन वर्षं निभावली ती मामेबहिणीच्या कोपरावर. तिच्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील घरं रंगवायचे. छटा जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

"रंगाऱ्याचा मुलगा आणि रंगाशी छत्तीसचा आकडा," मामेबहीण म्हणायची. "सरांना कळलं तर इतिहास घ्यायला लावतील तुला. तिथे सगळे फोटो काळे-पांढरे."

तो हसायचा. पण समीकरणं सोडवताना त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. पुढे रसायनशास्त्रच शिकायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त रंगांचं कुणाला कळता कामा नये.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला थांबवून घेतलं. उद्याचं आम्ल तयार होतं. त्याचा खरा आकडा काढून पाकिटात बंद करायचा होता. मुलांचे आकडे त्याच्याशी ताडून गुण मिळणार होते. या कामाला दरवर्षी प्रयोगशाळेतले काका सरांच्या शेजारी असत. काका तापाने पडले होते.

"आज एकच साक्षीदार," सर म्हणाले. "पण तुझ्यासारखा असला की एक पुरे. रंग आला की सांग."

सरांनी ब्युरेटची तोटी सोडली. थेंब पडत राहिले. फ्लास्कमध्ये जे होतं ते पहिल्या थेंबाला होतं तसंच दिसत होतं. की नव्हतं? उशीर झाला तर आपण पकडले जाणार, या धास्तीने तो बोलून गेला, "आला, सर. नारंगी."

सरांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला, नीट पाहिला आणि मान हलवली. "आठ पूर्णांक सहा."

त्याचा जीव भांड्यात पडला. अंदाज लागला होता! मोजणी तीनदा करायची होती; पुढच्या दोन्ही वेळी त्याने फ्लास्ककडे पाहिलंच नाही. ब्युरेटच्या रेघांवर नजर ठेवली आणि आठ पूर्णांक सहाला "आला" म्हणाला.

"तिन्ही वेळा तंतोतंत!" सर खूश झाले. "डोळा तयार झाला तुझा." त्यांनी आकडा पाकिटात घालून चिकटवला.

परीक्षेत प्रत्येकाला वेगळं टेबल होतं. कोपर नव्हतं, पण त्याला भीती वाटली नाही. त्याने आठ पूर्णांक सहाला तोटी बंद केली आणि आकडा लिहिला.

बाहेर येताच मामेबहिणीने गाठलं. "किती आलं?"

"आठ सहा. तुझं?"

"नऊ आठ. सगळ्यांचंच नऊ आठच्या आसपास आहे. काय रे, परत घोळ घातलास?"

तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पाकीट फोडलं होतं. "तेवीस जणांचा आकडा जवळपास एक," त्या म्हणाल्या, "आणि पाकिटातला वेगळा."

"तेवीस जण एकदम चुकत नाहीत," सर म्हणाले. "माझाच चुकला असणार. तसं लिहा."

"लिहीन. पण तुमचा चुकलेला आकडा, अगदी तोच, या मुलाच्या कागदावर कसा आला? पाकीट बंद होतं ना?"

सरांचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नसेल.

गप्प राहिलं तर पेपर फोडल्याचा डाग सरांवर बसणार होता. बोललं तर रसायनशास्त्र संपलं.

"सरांनी काही फोडलं नाही," तो म्हणाला. "पाकिटातला आकडाच माझा आहे. मला पिवळा आणि नारंगी वेगळे दिसत नाहीत. काल मी अंदाजाने सांगितलं. आज तेच लिहिलं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "खरा आकडा मी स्वतः काढते. तू उद्या परत ये. रंग सांगायला शेजारी कुणीतरी देऊ." त्या पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

तो आणि सर दोघेच उरले.

"विषय सोडतो मी, सर," तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "पण काल फ्लास्क तुमच्याच हातात होता. तुम्ही उजेडात धरून पाहिलात. पिवळाच होता, तर मला थांबवलं का नाहीत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"एकतीस वर्षं मी प्रत्येक रंग मुलांच्या तोंडून ऐकत आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्यासारखाच एखादा साक्षीदार म्हणून समोर उभा राहील, हे कधी डोक्यातच आलं नाही."