औक्षणाचं ताट

कार्यकर्त्याने औक्षणाचं ताट यमुनाक्कांच्या हातात कोंबलं. "शहीद जवानाच्या आई आता साहेबांना ओवाळतील!" माइकवरून घोषणा झाली आणि मैदान टाळ्यांनी दणाणलं.

गेल्या वर्षी याच गावाने पाण्यासाठी साहेबांची गाडी अडवली होती. यंदा डिपॉझिट जप्त होणार, असं जो तो म्हणत होता. मग साहेबांच्या सरकारने युद्ध पुकारलं, यमुनाक्कांचा सुजित त्यात गेला आणि साहेबांना सोन्याचे दिवस आले. मागच्या फ्लेक्सवर साहेब हत्तीएवढे, सुजित कोपऱ्यात टिकलीएवढा.

यमुनाक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सुजित निघाला तेव्हा मी त्याला याच हातांनी ओवाळलं होतं. तो परत आला नाही. या साहेब, आता तुम्हाला ओवाळते."

साहेबांनी पुढे केलेलं कपाळ झटकन मागे घेतलं.