गाठीची बाजू

मुरबाडच्या नर्सरीतून स्वस्तात आणलेली मोरपंखी जयवंत बोनसायसाठी तारेनं वाकवत होता आणि खोड कटकन मोडलं. तो कुंडी उकिरड्यावर न्यायला उठला, तोच ओसरीवरून काशीआत्या ओरडली, "टाकतो कशाला रे? लोंबतंय, तुटलं नाय!" गावाची हाडं बसवणाऱ्या आत्यानं भेग जुळवली, बांबूच्या कामट्या लावल्या आणि लुगड्याची चिंधी गुंडाळली. "घट्ट बांधायचं, पन गुदमरवायचं नाय." वर्षभरानं चिंधी सोडली, तेव्हा खोडाला हवा तसा बाक आला होता, भेगेच्या जागी गाठ धरली होती. प्रदर्शनाला नेण्याआधी मित्र म्हणाला, "गाठ मागे वळव, व्यंग दिसतंय." जयवंतनं बाही वर सारली. लहानपणी आंब्यावरून पडल्यावर आत्यानंच बसवलेल्या कोपरावर तशीच गाठ होती. कुंडी न वळवताच त्यानं हाक मारली, "आत्ये, नवं लुगडं नेस गो. लोक तुझं काम बघायला येनार!"