दसऱ्याचं कुंकू

वडील वारले, परवाना त्यांच्या नावचा. म्हणून त्यांचं रिव्हॉल्व्हर विकायला झुलालभाऊ साक्रीहून धुळ्याला आले. सोबत बायको भिकुबाईही आली. दर दसऱ्याला त्या हत्याराला कुंकू लावणारी तीच. सोमवारचा उपास असूनही तिला घरी बसवेना.

दुकानदाराने गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याचं दोघांना दाखवलं. नळीवर मात्र वर्षानुवर्षांचं कुंकू घट्ट बसलं होतं.

"आधी हे पुसतो, वहिनी. धातू दिसल्याशिवाय किंमत काय सांगू?"

फडक्याने चोळता चोळता नळी आरशासारखी उजळली. भिकुबाईने वाकून पाहिलं. लांबट दिसला तरी चेहरा तिचाच होता. कपाळ तेवढं कोरं होतं.

तिने कपाळाला हात लावला. बोटाला कुंकू लागलं. पुन्हा पाहिलं, तर नळीवरचं कपाळ कोरंच.

"ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "इकू नका. घर चला."

"काय व्हयनं तुले? रिकामं शे ते," झुलालभाऊ हसले.

"नळी आतून झिजली असली तर भाव उतरतो," दुकानदार म्हणाला. "उजेडाकडे धरून तुम्हीच बघा, भाऊ."

झुलालभाऊंनी रिव्हॉल्व्हर दारातल्या उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि दुसरा नळीच्या तोंडाला लावला.

भिकुबाईने दोन्ही हातांनी त्यांची बाही घट्ट धरली.

नळीवरची बाई मात्र शांतपणे एकेक बांगडी उतरवत होती.