तीन बोटं

"गुडघे टेकलेस की कप डोक्याच्या वर धरायचा, आणि सांडायचा नाही," गुरुमाईंनी बेकतुरला तिसऱ्यांदा बजावलं.

बेकतुरनं मान हलवली. तासाभरात अंगणात वीसेक माणसांसमोर तो फंग गुरुजींना चहा देणार होता. गुरुजी तो प्यायले की तो त्यांचा पक्का शिष्य. किर्गिझस्तानातून चीनमध्ये वैद्यकी शिकायला आलेला पोरगा खरं तर अशा दिवशी हवेत तरंगायला हवा. याला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

कारण बेकतुरला नाडी कळत नव्हती.

हातापायांचं सगळं त्याला जमायचं. पहाटे अंगणात गुरुजींबरोबर ताई-ची करताना त्याचं पाऊल कधी चुकलं नाही. पण दवाखान्यात रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली की नुसती टकटक लागायची. पुस्तकात नाडीच्या अठ्ठावीस तऱ्हा होत्या. त्याला दोन वर्षांत एकच सापडली होती.

निभावलं ते गुरुजींच्या पेनामुळे. आधी गुरुजी डोळे मिटून रोग्याची नाडी बघत, मग म्हणत, "आता तू. काय लागतं?" बेकतुर रोग्याची जीभ आणि चेहऱ्याचा रंग बघून ठोकून देई, "ताठ आहे." पेन कागदावर चालायला लागलं की बरोबर. हवेतच थांबलं की चुकलं. मग तो घाईनं जोडी, "पण खाली जरा दुबळी." पेन चालू लागे. नाडीपेक्षा पेन बघण्यात तो तरबेज झाला होता.

गुरुजी त्याच्यावर खूश होते. त्यांनी स्वतः सुया टोचणं सोडलं आणि वर्षभरातच ते काम त्याच्याकडे दिलं. "तुझी बोटं तरणी आहेत," म्हणाले. बाकी सगळं गुरुमाई बघत. नवऱ्याच्या अंगरख्याच्या गुंड्यासुद्धा त्याच लावून देत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं प्रेम उरलेलं पाहून बेकतुरला मौज वाटे. औषधांच्या कपाटाशी चिठ्ठी वाचताना मात्र त्या वैतागत. "काय हे कोंबडीचे पाय. दिवसेंदिवस तुमचं अक्षर बिघडतंय."

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचे चांभार तंग आजोबा आले. झोप लागत नव्हती. गुरुजी दारात फोनवर बोलत होते. तिथूनच म्हणाले, तूच बघ आणि सांग. बघायला पेन नव्हतं. म्हातारा माणूस, हात गार. बेकतुर म्हणाला, नाडी खोल आहे, संथ आहे. गुरुजींनी आत येऊन अंगात ऊब आणणारं औषध लिहून दिलं, आणि आजोबांच्या नाकातून चार दिवस रक्त गेलं.

काल ते परत आले ते फडक्यात बांधलेली तांबूस फळं घेऊन. "औषध चांगलंच होतं रे पोरा," ते बेकतुरला म्हणाले. "माझंच अंग नतद्रष्ट." शिष्य होणार म्हणून ती भेट त्याला होती. बेकतुरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सकाळी आईचा निरोप आला होता: गावातल्या अकरा जणी दुखरे गुडघे धरून तुझी वाट बघताहेत.

तो आतल्या खोलीत गेला. गुरुजी खिडकीशी बसले होते. गुरुमाईंनी आत्ताच उकळतं पाणी ओतलेला पत्र्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तरुणपणी वाळूच्या पोत्यांवर मुठी आपटून त्यांचे हात असे निबर झालेत, असं गल्लीत कौतुकानं सांगत.

"गुरुजी, चहा देण्याआधी एक सांगायचंय."

"सांग."

मान वर न करता तो सांगत सुटला. पेनाचं सांगितलं, तंग आजोबांचं सांगितलं. म्हणाला, "त्या दिवशी पेन बघायला मिळालं नाही म्हणून चुकलो. बाकीचे रोगी तुमच्या बोटांनी वाचले. मी तुमचा शिष्य व्हायच्या लायकीचा नाही."

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. आता हाकलून देतील, हे बेकतुरनं गृहीत धरलं. तेच बरं, असंही त्याला वाटलं.

"एकदाही कळली नाही?" गुरुजींनी विचारलं. "दोन वर्षांत एकदाही?"

"एकदाही नाही."

गुरुजींनी पेला पुढं केला. "हा धर."

बेकतुरनं धरला आणि चटका बसताच सोडला. पाणी जमिनीवर पसरलं. तेव्हा त्याचं लक्ष गुरुजींच्या हातांकडे गेलं. तळवे लालबुंद झाले होते आणि बोटांच्या पेरांवर फोड आले होते.

"फार गरम होता का रे?" गुरुजींनी विचारलं.

बेकतुरनं एका फोडाला हळूच बोट लावलं; गुरुजींचा हात हललाही नाही.

"तू आलास त्या हिवाळ्यापासून या बोटांना काही लागत नाही. ना चटका, ना नाडी," गुरुजी म्हणाले. आता त्यांची मान खाली गेली होती.

अंगणातून गुरुमाईंनी हाक मारली, माणसं जमली म्हणून.

"पण पेन?" बेकतुरनं विचारलं. "पेन थांबायचं ते?"

"ते तू अजून काय सांगतोस, याची वाट बघत थांबायचं."