डोक्यावर पाणी

खेळाच्या मध्येच खुशी पडली. धावता धावता थांबली, दोन पावलं तिरपी चालली आणि कडुनिंबाखालच्या मातीत आडवी झाली. बाकीच्या पोरांना वाटलं, हाही खेळच आहे.

शकुनबाईनं स्वयंपाकाच्या शेडमधून पाहिलं आणि हातातला झारा टाकून पळाली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. घाम नव्हता. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती.

"पाणी आणा!"

गीतांजली माठाकडे धावली. अकोल्याहून दीड महिन्यासाठी आलेली ही मुलगी शिबिरात पोरांना गाणी आणि येशूच्या गोष्टी शिकवायची. तिनं तांब्या भरून आणला, खाली बसली आणि तिचा हात तसाच थांबला.

"मावशी, डोक्यावर नको," ती हळूच म्हणाली. "तिच्या आजोबांना आपण काय कबूल केलं?"

ते शकुनबाईला सांगायची गरज नव्हती. कबूल तिनंच केलं होतं. भातकुलीच्या बाजारात तिचं आणि खुशीच्या आजोबांचं, पंजाबरावचं, भाजीचं दुकान शेजारी शेजारी. यंदा आपलं दुकान सुनेवर सोडून तिनं सारा उन्हाळा चर्चच्या या शिबिराला दिला. नातीलाही पाठवा म्हणून ती पंजाबरावच्या मागे लागली, तेव्हा तो वांगी रचता रचता म्हणाला होता, "पाठवतो. पण तुमच्यात डोक्यावर पाणी टाकतात अन् नाव बदलवतात. माह्या नातीच्या डोक्याले एक थेंब लागला, तं तू हाये अन् मी हाये."

"नाई लागणार, भाऊ," ती म्हणाली होती.

तिनं शब्द पाळला. रोज दुपारी बाकीची पोरं नळाखाली डोकी धरत, ओल्या केसांनी खेळायला पळत. खुशी बाजूला कोरडी उभी राही.

गीतांजलीचा चेहरा उतरला होता. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात पोरांना बाटवतात अशा बोलण्यावरून लोक चालून आले होते. तिसऱ्या दिवशी शिबिर बंद झालं होतं. ती तेव्हा तिथं होती.

"हातपाय पुसू या," ती म्हणाली. "डोकं राहू द्या."

"डोकंच तं तापलं व माय!"

शकुनबाईनं तांब्या हिसकला आणि पोरीच्या टाळूवर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. पदर भिजवून मानेवर ठेवला. गीतांजलीनं १०८ ला फोन लावला, नंतर पंजाबरावला. गाडी अमरावतीहून निघाली. पंजाबराव फोनवर नुसता "आलो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

गाडीच्या आधी तोच पोचला. मेच्या भर दुपारी सायकलवर, डोक्याला दुपट्टासुद्धा नव्हता. सायकल फाटकातच पडली. ती उचलायला तो थांबला नाही.

जवळ येऊन त्यानं पाहिलं. नातीच्या वेण्या ओल्याचिंब. मातीत पाण्याचा ओघळ.

"पाणी कोनं टाकलं?"

पोरं मागं सरकली. गीतांजली उभी राहिली.

"म्या टाकलं," शकुनबाई म्हणाली. पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "मले काय बोलायचं थे मंग बोला, भाऊ. पोरगी हातची जाऊन राहिली होती."

पंजाबराव उकिडवा बसला. त्यानं खुशीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बाई," तो म्हणाला, "नाव काय तुह्यं?"

खुशीच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. आवाज आला नाही.

गीतांजलीनं शकुनबाईचा खांदा घट्ट धरला.

"नाव सांग, माय," पंजाबराव पुन्हा म्हणाला. "नाव काय तुह्यं?"

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खुशी," ती म्हणाली. मग कपाळाला आठी घालून, "आबा, तुमाले माह्यं नाव नाई ठाऊक?"

तेव्हा कुठं पंजाबराव मातीत बसला. बसला म्हणजे पडलाच. तोंड लाल झालं होतं आणि श्वास छातीत मावत नव्हता. दुरून, डांबरी रस्त्याकडून, गाडीचा भोंगा ऐकू येऊ लागला.

"भाऊ, तुमालेच ऊन लागून राहिलं," शकुनबाई म्हणाली आणि भरलेला तांब्या पुढं केला. "प्या दोन घोट."

त्यानं तांब्या घेतला. दोन घोट प्याला. तांब्यात उरलेल्या पाण्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्यानं तो उचलला आणि आपल्याच डोक्यावर उपडा केला.

पांढऱ्या केसांतून पाणी मिशीवर आलं, मिशीवरून सदऱ्यावर. खुशी शकुनबाईच्या मांडीवरून टक लावून पाहत होती.

"आबा," तिनं विचारलं, "आता तुमचं नाव काय?"

पंजाबराव डोळे मिटून होता. पाणी निथळत होतं.

"थांब व बाई," तो म्हणाला. "आठवू दे."