दुसरा आरसा

आरसा कडकन तडकला आणि मायलेकींनी एकदमच काचवाल्याकडे पाहिलं. आरशाची वाट बघत बसलेली सलूनवाली गल्लीत नवी होती. तिने आपलं तडकलेल्या आरशाकडे पाहिलं.

आरसा कापत होती लेक. दोन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी, खिडकीच्या एका काचेपायी, बापाने तिला गिऱ्हाइकांदेखत फाडून खाल्लं होतं. काच कापायचा हिरा टेबलावर ठेवून ती जी निघून गेली, ती दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागली. आज आईच्या शब्दाखातर आली होती, तीही बजावूनच. "आजचा दिवस बघते. पहिले पाढे पंचावन्न असतील, तर पुन्हा बोलवू नकोस."

गल्ल्यावर बसलेली आई अर्धवट उठली.

काचवाल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर बिऱ्हाड करून होता. गल्ली त्याला तोफखाना म्हणायची, आणि हा गडी ते कौतुक समजून मिशीला पीळ द्यायचा. पण लेक गेली आणि काहीतरी हललं. एकदा चहा गार आला, तर तो गारच प्यायला. एकदा मागच्या गाडीवाल्याने उगाच भोंगा वाजवला, तर हा मुकाट कडेला झाला. सुरुवातीला चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा; पुढे पुढे तेवढाही होईना. बायको सगळं बघत होती आणि चकार शब्द काढत नव्हती. न जाणो, दृष्ट लागायची.

पण गार चहा वेगळा आणि पुरुषभर उंचीचा आरसा वेगळा.

काचवाला टेबलाशी आला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. लेक हनुवटी वर करून उभी राहिली.

"लागलं नाही ना कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग दुसरा काढू. कापायचा तूच. मी पट्टी धरतो."

दोघांनी तडकलेल्या आरशाचे तुकडे खाली उतरवले आणि नवा आरसा टेबलावर आडवा केला. लेकीने माप घेतलं, खुणा केल्या, पट्टी ठेवली. पलीकडचं टोक त्याने दाबून धरलं. ती हिरा टेकवणार, एवढ्यात त्याचा हात सरकला आणि पट्टी हलली.

"हलू नका ना, बाबा!" ती कडाडली. "साधी पट्टी धरता येत नाही? लक्ष कुठंय तुमचं? एवढी वर्षं काय गवत उपटलंत इथे?"

बोलून गेल्यावर लेकीचाच चेहरा उतरला.

काचवाल्याने आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुकलं," तो म्हणाला. "खुणेवर घे परत. आता नाही हलणार."

'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून या दुकानात कधी कुणी ऐकला नव्हता. बायकोचा ऊर भरून आला. लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे तेव्हाही तिला इतका अभिमान वाटला नव्हता.

लेकीने पट्टी परत खुणेवर आणली. मग तिने एका दमात हिरा ओढला. रेघ टेबलाच्या काठाशी आणून दोघांनी मिळून दाबलं, आणि तुकडा सरळ सुटला.

"उद्या बसवायला मीच येते तुमच्याकडे," ती सलूनवालीला म्हणाली. "आणि बाबा, तुम्हीही चला. धरायला माणूस लागेल."

"येतो की," म्हणत काचवाल्याने झाडणी घेतली आणि तो पहिल्या आरशाचा चुरा गोळा करू लागला.

पैसे द्यायला आलेली सलूनवाली गल्ल्यावर वाकून हळूच म्हणाली, "पोरीचा हात छान आहे हो, पण भारी तापट! कुणावर गेलीय?"

"ह्यांच्यावर," बायको मान ताठ करून म्हणाली.

सलूनवालीने खाली बसून चुरा गोळा करणाऱ्या काचवाल्याकडे नीट निरखून पाहिलं.

"काहीतरीच काय!" ती म्हणाली.